पडदा बंद असतानाही मीटर फिरतो

एप्रिलमधला प्रयोग होता. दुसऱ्या अंकात एसी बसला. नागपूरचा एप्रिल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाच मिनिटांत प्रेक्षक तिकिटांनी वारा घ्यायला लागले आणि दहा मिनिटांत आमच्या नाटकातल्या आजोबांची दाढी घामानं एका गालावरून सुटली. त्या नटानं उरलेला अंक हनुवटी मुठीत धरून काढला. लोकांना वाटलं, काय चिंतनशील म्हातारा उभा केलाय! प्रयोग संपल्यावर मी व्यवस्थापकाकडे भांडायलाच गेलो. सभागृहाचं नाव घेत नाही, कारण त्या माणसाची चूक नव्हती. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही भरलेलं भाडं मी डोळ्यानं पाहिलं नाही. ते थेट तिजोरीत जाते. अन् मशीनच्या पार्टची फाइल चार महिन्यांपासून फिरून राहिली."

मी तेव्हा आमच्या हौशी संस्थेचा खजिनदार होतो. भाडं भरलं की सेवा मिळायला हवी, इतकाच माझा हिशेब होता. पालिकेचं सभागृह चालवणं म्हणजे काय, त्यात पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि अंदाजपत्रकाला कात्री लागली की ती नेमकी कुठे लागते, हे समजायला पुढे बरीच वर्षं गेली. समजलं तेवढं सांगतो.

आधी एक घोळ दूर करू. नागपुरात नाटकाला जाणाऱ्या माणसाला सगळी सभागृहं 'सरकारी' वाटतात. तसं नाही. सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह राज्य सरकारचं. झाशी राणी चौकाजवळचं धनवटे रंगमंदिराचं संकुल विदर्भ साहित्य संघाचं, म्हणजे १९२३ साली स्थापन झालेल्या एका संस्थेचं. आणि रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचं. सुमारे दोन हजार आसनांच्या या वास्तूचं उद्घाटन २२ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. भटांचा जन्म अमरावतीचा, पण २००३ साली त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो नागपुरात. गझलकाराच्या नावाचं सभागृह असणं ही या शहराच्या मिरवण्याची गोष्ट आहे.

तीन मालक, तीन खिसे. संस्थेचं सभागृह असेल तर भाड्याचा पैसा संस्थेच्या खात्यात जातो आणि कार्यकारिणीनं ठरवलं तर उद्या त्यातूनच पंखा दुरुस्त होतो. पालिकेचं तसं नाही, आणि सगळी गंमत तिथंच सुरू होते.

कायद्याच्या भाषेत 'ऐच्छिक'

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेच्या कामांचे दोन ढीग केले आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं: पाणी, मलनिस्सारण, कचरा, रस्ते, दिवे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, म्हणजे जमलं तर करायची. नाट्यगृह, संगीत, करमणूक ही मंडळी या दुसऱ्या ढिगात बसतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची दिली, तिच्यात सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन देणं हे शहरांचं काम म्हणून लिहिलेलं आहे खरं. पण त्या ओळीबरोबर पैसे आले नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. वर्षाच्या मध्यावर वसुली कमी पडली, की आयुक्तांच्या कार्यालयातून विभागांना सांगितलं जातं: तरतुदीपैकी अमुक इतकाच खर्च करा, बाकीचा थांबवा. अशा वेळी पाण्याच्या पंपाची फाइल आणि रंगमंचावरच्या झालरीची फाइल एकाच टेबलावर आली तर कुठली पुढे सरकेल? पंपाची. सरकलीही पाहिजे. मी नाटकवाला असलो तरी सकाळी नळाला पाणी मलाही लागतं.

आता पैसा कमी का पडतो, हे थोडक्यात. एकेकाळी महापालिकांचा हक्काचा पैसा म्हणजे जकात. शहरात माल आला की नाक्यावर रोकड. नागपुरात २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बदल्यात राज्य सरकार पालिकांना दर महिन्याला नुकसानभरपाई देतं आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. पण हा पैसा आता वरून येतो, स्वतःच्या हातात उरला तो मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नगररचनेचं शुल्क. दुसऱ्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, वीजबिलं आणि केंद्र-राज्याच्या योजनांमध्ये भरायचा पालिकेचा हिस्सा. अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या पुढे गेलेलं वाचून डोळे फिरतात, पण त्यातला बराचसा पैसा छापायच्या आधीच खर्च झालेला असतो.

आणखी एक बारकावा. इमारत बांधण्यासाठी निधी मिळवणं तुलनेनं सोपं असतं, कारण तो भांडवली खर्च. त्याला अनुदान मिळतं, कोनशिला बसते, फीत कापली जाते. इमारत चालवणं हा महसुली खर्च. त्याला कुणी अनुदान देत नाही आणि नव्या बल्बखाली कुणाचं नाव कोरता येत नाही.

एक काल्पनिक सभागृह

इथून पुढे आकडे लागतील. हे आकडे कुठल्याही खऱ्या सभागृहाचे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आहेत. दोन हजार आसनांचं एक पालिकेचं सभागृह आहे असं समजा.

या सभागृहाचा वर्षाचा असा खर्च, जो एकही प्रयोग झाला नाही तरी होणारच, तो दीड कोटी रुपये. त्यात कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि तंत्रज्ञ यांचे साठ लाख, कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पंचवीस लाख, विजेच्या स्थिर आकाराचे तीस लाख, देखभाल आणि वार्षिक देखभाल करारांचे तीस लाख, विमा वगैरेचे पाच लाख. दिवसाला भागून पाहा: पडदा बंद असतानाही रोज सुमारे एक्केचाळीस हजार रुपये. सोमवारी दुपारी तुम्ही बाहेरून जाता आणि आत अंधार दिसतो ना, त्या अंधाराचं हे बिल.

प्रयोग झाला की त्यावर आणखी खर्च चढतो. वातानुकूलन, दिवे आणि नंतरची सफाई मिळून एका सत्राला अठरा हजार धरू. भाडं सरासरी चाळीस हजार. म्हणजे प्रत्येक भाड्याच्या सत्रामागे बावीस हजार रुपये सुटतात, जे त्या दीड कोटीच्या खड्ड्यात टाकायचे.

वर्षाला तीनशे सत्रं झाली आणि सगळी भाड्यानं गेली, तर सहासष्ट लाख सुटले. खड्डा उरला चौऱ्याऐंशी लाखांचा. आता त्यातली साठ सत्रं पालिकेच्याच कार्यक्रमांना फुकट गेली असं धरा: प्रशिक्षण, सत्कार, शाळांचे समारंभ, कुठल्याशा सप्ताहाचं उद्घाटन. त्या साठांचं भाडं आलं नाही, चोवीस लाख बुडाले. खड्डा एक कोटी आठ लाखांचा झाला. आणि वर्षअखेर अहवालात छापून येतं, 'सभागृह तोट्यात'.

हे मला नेहमी खुपतं. घरच्या लग्नाला घरचाच हॉल वापरायचा आणि मग हॉल कमावत नाही म्हणून नाक मुरडायचं! तो फुकट कार्यक्रम ज्या विभागाचा, त्याच्या खात्यातून सभागृहाच्या खात्यात भाड्याची निदान पुस्तकी नोंद झाली तरी चित्र बदलेल. पैसा घरातल्या घरातच फिरेल, पण तोटा नेमका कुणामुळे झाला ते कागदावर दिसेल. शिवाय भाडं आपल्या खात्यातून जाणार म्हटल्यावर विभागांना अचानक आठवतं की पन्नास माणसांच्या बैठकीला दोन हजारांचं सभागृह लागत नाही.

एसीचं गणित

नागपुरात सभागृहाचा खरा मालक एसी असतो. २३ मे २०१३ रोजी इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घराघरांत आपण कूलरवर निभावतो; वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून दुपार काढणाऱ्या पिढ्या या शहरात होऊन गेल्या. पण सभागृहात कूलर चालत नाही. तो घरघरतो, त्यामुळे दहाव्या रांगेत संवाद पोचत नाही. आणि तो हवेत ओल सोडतो, त्यामुळे बंदिस्त जागेत हजार माणसं बसली की गार वाटण्याऐवजी चिकचिक होते.

माणूस स्वतः एक छोटी शेगडी असतो. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर पडते. हाऊसफुल्लच्या पाटीची आम्हा नाटकवाल्यांना भूल पडते, पण दोन हजार माणसं म्हणजे दोनशे किलोवॉट. ही उष्णता बाहेर काढायला सत्तावन्न टनांचं वातानुकूलन लागतं. घरातला दीड टनाचा एसी धरला तर असे अडतीस एसी, आणि तेही फक्त प्रेक्षकांसाठी. रंगमंचावरचे दिवे, दिवसभर तापलेलं छत आणि श्वासासाठी बाहेरून आत घ्यावी लागणारी गरम हवा यांचा भार वेगळा. सातच्या प्रयोगाला पाचपासूनच यंत्रं सुरू करावी लागतात, कारण मे महिन्यात भिंतीही तापलेल्या असतात.

वीजबिलाची मेख युनिटमध्ये नाही, मागणीत आहे. उच्चदाबाच्या ग्राहकाला महावितरणशी करार करावा लागतो की एका वेळी जास्तीत जास्त इतकी वीज खेचू. त्या मागणीवर दर महिन्याला स्थिर आकार लागतो, प्रयोग होवो न होवो. आणि हा आकार ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतली सर्वांत मोठी मागणीही पाहिली जाते, तिच्या ७५ टक्क्यांइतकी आकारणी लागू शकते. म्हणजे मे महिन्यातल्या एका रात्री सगळी यंत्रं एकदम सुरू झाली आणि मीटरनं उच्चांक नोंदवला, तर तो उच्चांक डिसेंबरच्या गारठ्यातही बिलात डोकावतो. आठवणींचा असा पक्का प्रेक्षक दुसरा नाही.

म्हणून यंत्रं एकेक करून, पंधरावीस मिनिटांच्या अंतरानं सुरू करणारा चांगला ऑपरेटर सभागृहाला लाखाची बचत करून देऊ शकतो. त्याला पगार मात्र कंत्राटी कामगाराचा. प्रेक्षक तीनशेच असतील तर बाल्कनी बंद ठेवून तिथली हवा रोखता येणं हीदेखील बचतच. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा सल्ला हल्ली प्रत्येक जण देतो. तो चुकीचा नाही, पण ऊन दिवसा आणि प्रयोग रात्री असतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीत, युनिट वळते होतात, मागणीचा स्थिर आकार तसाच राहतो.

कात्री लागते कुठे?

आता अंदाजपत्रकात वीस टक्के कपात झाली असं समजा. ऐकायला वीस टक्के फार वाटत नाही. चहात साखर थोडी कमी, इतकंच.

पण आपल्या काल्पनिक सभागृहाच्या दीड कोटीत वीस टक्के म्हणजे तीस लाख. ते कुठून काढणार? कायम कर्मचाऱ्यांचा पगार कापता येत नाही. कंत्राटी कामगारांना किमान वेतन द्यावंच लागतं. आणि माणसं कमी केली तर दोन हजार लोकांच्या गर्दीला दारावर चार जण पुरत नाहीत. विजेचा स्थिर आकार कापायला गेलात तर वीजच कापली जाते. विम्याचे पाच लाख वाचवायचं धाडस शहाणा माणूस करत नाही. उरलं काय? देखभालीचे तीस लाख.

म्हणजे सभागृहाची वीस टक्के कपात ही देखभालीची शंभर टक्के कपात होते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. देखभाल कापली जाते कारण ती ओरडत नाही. पगार थकला तर संप होतो, बिल थकलं तर अंधार होतो, पण एसीच्या यंत्रातल्या नळ्यांत क्षार साचले तर त्या दिवशी काहीच होत नाही. पुढच्या महिन्यातही नाही. फक्त तेवढाच गारवा द्यायला यंत्र थोडी जास्त वीज खातं. मग गारवाही कमी होतो. मग एका एप्रिलमध्ये, दुसऱ्या अंकात, एका आजोबांची दाढी सुटते.

त्यानंतर संस्था दुसरीकडे तारखा मागायला लागतात. तारखा कमी झाल्या की उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून पुढच्या वर्षी तरतूद कमी. तीन वर्षांनी जे यंत्र तीस लाखांच्या देखभालीवर आणखी दहा वर्षं चाललं असतं, ते भंगारात जातं आणि नव्यासाठी कोटींची निविदा निघते. ती भांडवली खर्चातून असल्यामुळे मंजूरही होते! खर्च वाचला असं वाटलं, प्रत्यक्षात तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊन मोठा झाला.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. आगीच्या बाबतीत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अशा इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावं लागतं. नाट्यगृहात कापडी पडदे, लाकडी मंच, प्लायवूडचं नेपथ्य, तापलेले दिवे आणि जुन्या वायरी एकाच छताखाली असतात. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं आणि आता तिथल्या महापालिकेकडे असलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीचे फोटो पाहून अख्ख्या महाराष्ट्रातले नाटकवाले गप्प झाले होते. काटकसरीच्या यादीतून काय कायमचं बाहेर ठेवायचं, हे ठरवताना ती इमारत डोळ्यांसमोर असावी.

मग भाडं वाढवा की!

सगळ्यात आधी सुचणारा उपाय हाच. आणि खरं सांगायचं तर निव्वळ आकड्यात तो चालतोही. आपल्या सभागृहात भाड्याची सत्रं दोनशे चाळीस. भाडं चाळीसचं पन्नास हजार केलं आणि त्यामुळे चाळीस तारखा गळाल्या तरी दोनशे सत्रांमागे बत्तीस हजार सुटतात, म्हणजे चौसष्ट लाख. आधी सुटत होते बावन्न लाख ऐंशी हजार. लेखापाल खूश.

पण गळालेल्या त्या चाळीस तारखा कुणाच्या? कंपनीच्या वार्षिक मेळाव्याच्या नाहीत, कोचिंग क्लासच्या गुणगौरवाच्याही नाहीत. त्या आमच्यासारख्यांच्या. हौशी संस्थेचा हिशेब मी करून दाखवतो. तिकीट दोनशे रुपये, प्रेक्षक तीनशे, गल्ला साठ हजार. भाडं चाळीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सत्तेचाळीस हजार दोनशे. उरले बारा हजार आठशे, त्यात नेपथ्य, प्रकाश, टेम्पो आणि तालमीतला चहा. भाडं पन्नास झालं की जीएसटीसह एकोणसाठ हजार. उरला एक हजार रुपया. त्यात कलाकारांना तर्री पोहे मिळतील, बस.

जीएसटीचा इथं एक गंमतशीर पेच आहे. नाटकाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ऐकायला छान. पण जी सेवा करमुक्त असते, तिच्यासाठी भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. म्हणून भाड्यावरचे १८ टक्के निर्मात्याच्या गळ्यातच राहतात. कंपनीचा मेळावा असेल तर ती कंपनी बहुधा हाच कर आपल्या हिशेबात वळता करून घेते. म्हणजे एकाच सभागृहाचं एकच भाडं, पण नाटकवाल्याला खरं तर अठरा टक्क्यांनी महाग.

त्यामुळे सरसकट वाढ नव्हे, वेगवेगळे दर हाच शहाणा मार्ग. ज्या मंगळवारी दुपारी सभागृह रिकामंच राहणार आहे, तो दिवस प्रायोगिक नाटकाला पंचवीस हजारांत दिला तरी अठरा हजारांचा खर्च निघून सात हजार सुटतात. दिलं नाही तर शून्य. ही सवलत धर्मादाय नाही, साधा व्यापार आहे. इतवारीतला कुठलाही दुकानदार हे तुम्हाला बसल्या जागी समजावेल. थंडीतले दर उन्हाळ्यापेक्षा कमी का नसावेत? डिसेंबर-जानेवारीत यंत्रं जेमतेम चालवावी लागतात, सत्राचा खर्च निम्म्यावर येतो. पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी हे केव्हाच शिकली. वडसा परिसरातल्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांत गावोगाव मंडपात रात्रभर प्रयोग करतात आणि तिकिटावर जगतात. ना चिलर, म्हणजे एसीचं मोठं शीतयंत्र, ना स्थिर आकार. त्यांच्यासारखं मंडपात जाऊन राहा असं मी शहराला सांगत नाही, पण ऋतू बघून धंदा करायला हरकत नसावी.

खासगी चालकाला द्यायचं का? हा प्रश्न दर कपातीच्या वर्षी उठतो. मी त्याच्या विरोधात हटून बसणार नाही. पाणीपुरवठ्यासारखी गोष्ट या शहरानं २०१२ मध्ये पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी चालकाकडे दिली. त्यावरची भांडणं सगळ्यांना ठाऊक आहेत. सभागृहाच्या बाबतीत पेच वेगळा आहे. करार तीन वर्षांचा केला तर चालक स्वतःच्या पैशानं नवं चिलर कशाला बसवेल? तो आहे ते पिळून घेईल. करार पंधरा वर्षांचा केला तर तो यंत्रं बसवेल, पण पंधरा वर्षं तारखांची चावी त्याच्याकडे. आणि त्याला लग्न, सेल, प्रदर्शन यांत जास्त सुटणार. करारात नाटक-संगीतासाठी किती तारखा, कुठल्या वारी, किती भाड्यात राखीव हे लिहिलं नसेल तर दोष चालकाचा नाही, करार लिहिणाऱ्याचा. सर्वाधिक बोली लावणाऱ्यालाच द्यायचं, ही सवय तर इथं फार महागात पडते. जो अवाच्या सवा बोली लावतो, तो ती वसूल करायला पहिल्यांदा सफाईच कमी करतो. कोणत्याही कँटीनच्या कंत्राटात हे पाहून घ्या.

मला विचाराल तर याआधी एक कमी गाजावाजाचं काम करायला हवं. त्या व्यवस्थापकानं सांगितलं होतं तेच: भाडं तिजोरीत जातं आणि सभागृहाला ते पुन्हा दिसत नाही. पालिकेच्या हिशेबात उत्पन्नाचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं खातं, वेगळं आणि खर्चाचं वेगळं. जास्त तारखा भरून व्यवस्थापकानं वीस लाख जास्त कमावले, तरी त्याला एक बल्बही जास्त मिळत नाही. मग तो कशाला धडपडेल? भाड्यातला ठरावीक हिस्सा, समजा चाळीस टक्के, सभागृहाच्याच दुरुस्ती निधीत जमा व्हावा आणि त्यातून एका मर्यादेपर्यंतचा खर्च फाइल न फिरवता करायचा अधिकार व्यवस्थापकाला मिळावा. आपल्या काल्पनिक हिशेबात दोनशे चाळीस सत्रांचं भाडं होतं शहाण्णव लाख. त्याचे चाळीस टक्के म्हणजे अडतीस लाख. देखभालीचे तीस लाख यातच बसतात! तिजोरीवरचा बोजा फारसा वाढत नाही, फक्त कात्री पोचणार नाही अशा ठिकाणी देखभालीचा पैसा बसतो. यात गैरव्यवहाराची भीती आहे का? आहे. त्यासाठी लेखापरीक्षण आहे. पण चार महिने फिरणाऱ्या फाइलनं गैरव्यवहार थांबतो, असं मला तरी दिसलेलं नाही.

हे ठरवायचं कुणी? आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, महासभा मंजूर करते. नागपुरात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासक होते, म्हणजे मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या काळात नगरसेवकांचं ते सभागृह रिकामं होतं आणि नाटकाचं हे सभागृह भरलेलं असायचं, असा एक फालतू विनोद आमच्या तालमीत चालायचा.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत एका ओळीसमोर तीन प्रकारचे आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात येते ती तरतूद. तुम्ही बघायचा तो प्रत्यक्ष खर्च. देखभालीला तीस लाखांची तरतूद आणि प्रत्यक्षात सहा लाख खर्च, असं लागोपाठ दिसलं की समजा, यंत्र आजारी आहे. पुस्तिकेत सभागृहाची ओळ स्वतंत्र सापडली नाही, किंवा फुकट दिलेल्या तारखांचा आकडा हवा असेल, तर माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात.